पाण्याच्या रकान्यातली रेघ

सांगतो, पण यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि चटकन ठेवलाच तर मलाच त्या माणसाची शंका येईल. वजनं-मापं तपासण्यात माझी चौतीस वर्षं गेली. दुकानदाराच्या वजनाच्या बुडातलं शिसं किती खरवडलंय, ते मी फरशीवर एकदा टकटक करून नुसत्या आवाजावरून सांगायचो. एका गोदामातला काटा इतका खोटा होता की त्यावर हत्ती उभा केला तर शेळी भरायचा. तोही मीच पकडला, आणि हत्ती जाताना मान लववून गेला. असल्या गोष्टींवर नका ठेवू विश्वास, माझी हरकत नाही. पण एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगतो. याच दोन हातांनी मी एकदा, दिवसाढवळ्या, कपड्यांनिशी, बुटांनिशी, समुद्राच्या घशातून एक माणूस ओढून काढला आहे. साडेतीन वर्षांचा माणूस, चौदा किलो दोनशे ग्रॅम, ओला धरला तर पंधराच्या वर. आज तो माणूस एकोणचाळीसचा आहे, त्याचं कपाळ मागे मागे सरकत चाललंय, आणि त्याच्याच घरात, त्याच्याच फ्रिजवर, आज सकाळी तो कागद लागला.

मी चहाला दूध काढायला गेलो होतो. कागद मोठा होता, चार कोपऱ्यांना चार चुंबकं. सूनबाई शाळेत वेळापत्रकं लावते, बावीस वर्ग आणि चाळीस शिक्षक ती एका तावावर असे बसवते की कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडत नाही. तिला आठवडाभराचा समुद्रकिनारा म्हणजे किस झाड की पत्ती. वाळू पिवळी, जेवण हिरवं, झोप राखाडी, पाणी निळं. प्रत्येक चौकोनात ढब्बूला कोण सांभाळणार त्याचं नाव. ढब्बू म्हणजे माझी नात, वय वर्षं दोन आणि वर काही महिने, स्वभाव संचालकाचा. राखाडी चौकोनांत सगळीकडे आजोबा, आजोबा, आजोबा. म्हणजे ती झोपेल तेव्हा मी तिला सांभाळायचं! खाली एक छोटा तक्ता होता, कोण काय करू शकतं याचा. आई, बाबा, आजोबा अशा तीन ओळी; वाळू, जेवण, झोप, पाणी असे चार रकाने. त्या दोघांच्या पुढे चार-चार बरोबरच्या खुणा. माझ्या पुढे तीन, आणि पाण्याच्या रकान्यात एक आडवी रेघ. फुली नव्हती. फुली असती तर भांडता आलं असतं. रेघ म्हणजे या प्रश्नाचा विचारच करायचं कारण नाही. मी तिच्यावरून नख फिरवलं, सवयच आहे. रेघेखाली कागद खरखरीत लागला. पांढऱ्या शाईनं आधीचं काहीतरी बुजवलं होतं. म्हणजे बाईसाहेबांनी आधी फुली मारली असणार, मग सासऱ्याला वाईट वाटेल म्हणून ती पुसून रेघ ओढली असणार. या दयेनं माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो फुलीनं झाला नसता. दूध ओट्यावर सांडलं. मी ते पुसलं नाही. म्हटलं, राहू दे, पुसायचं काम कुणाच्या चौकोनात आहे ते बघा आणि पुसा.

गेला महिनाभर या घरात दुसरा विषय नाही. संध्याकाळी जेवणं झाली की दोघं लॅपटॉप उघडून बसतात आणि चित्रातला समुद्र बघतात. बाथरूमच्या फरशीसारखा निळा समुद्र, त्याला वास नाही, आवाज नाही, काठावर नारळाची झाडं अशी वाकलेली की जणू त्यांना वाकायचा पगार मिळतो. मग रिसॉर्टवाल्यांना फोन. पूलला कुंपण आहे का? उंची किती? फाटकाची कडी आतून लागते का बाहेरून? लहान मुलांच्या पूलमध्ये पाणी किती इंच? खोली तळमजल्यावर द्या, पण पाण्याकडे दार नको. पलीकडचा माणूस हो मॅडम, हो मॅडम करतो, आणि माझा चिरंजीव शेजारी बसून नुसता ऐकतो, अंगठ्याचं नख दाताखाली धरून. हॉलमध्ये चालायला जागा नाही. दंडांत घालायचे फुगे, गळ्यात घालायचं बदक, छातीला बांधायचं जाकीट, पाण्यात न फुगणारे डायपर, उन्हाचं मलम, उन्हाच्या मलमानं पुरळ आलं तर त्याचं मलम. एका लेकराला समुद्र दाखवायचा तर एवढा दारूगोळा? आम्ही गेलो होतो तेव्हा एक पिशवी होती, तिच्यात एक टॉवेल, आणि पोराच्या डोक्यावर एक लाल टोपी. बस्स. हे मी बोलून दाखवलं तर सूनबाई हसली आणि म्हणाली, "बाबा, तेव्हाची मुलं दणकट होती." मी म्हटलं, "मुलं तीच असतात गं, बाप दणकट होते." चिरंजीवांनी मान वर केली नाही. कॅमेरा ठेवायची पिशवी पाण्यात बुडवून बघण्यात ते गर्क होते.

कागदाचा राग मनात घेऊन मी बाथरूममध्ये गेलो. ढब्बू टबात बसली होती, बदकाला बुडवत होती आणि बदक मुकाट्यानं वर येत होतं. सूनबाईनं तिचं डोकं चोळून झालं होतं, ती मला "दोन मिनिटं बघता का?" म्हणाली आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून आत गेली. मी स्टुलावर बसलो. "आजो, माशा," ढब्बूनं फर्मान काढलं. माशाची गोष्ट सांगायची म्हणजे. मी म्हटलं, एकदा काय झालं, एक भला मोठा मासा माझ्या ऑफिसात आला. खुर्चीत मावेना म्हणून टेबलावर बसला. म्हणाला, साहेब, माझं वजन करा, बाजारात मला कमी भरून विकतात, माझी काही इज्जत आहे की नाही? "नाही," ढब्बू म्हणाली. तिला सध्या सगळ्याला नाही म्हणायचं असतं. तेवढ्यात दारात चिरंजीव. "टॉवेल आहे का इथे?" टॉवेल माझ्या खांद्यावर होता, त्याला दिसत होता. "आहे," मी म्हटलं. तो गेला नाही. चौकटीला टेकून उभा राहिला, पाण्याकडे बघत. मुलीकडे नाही, माझ्याकडे नाही, पाण्याकडे. आणि मला एकदम काहीतरी टोचलं, बुटात खडा जावा तसं. गेली दोन वर्षं, ही मुलगी या टबात बसायला लागल्यापासून, मी तिच्याजवळ पाण्यापाशी एकटा कधी होतो? कधी त्याला साबण हवा असतो, कधी नळ ठिबकतोय का बघायचं असतं, कधी मोबाइल इथे राहिलाय का. एकदा तर तो नुसताच आला होता आणि आरशात बघून दात घासायला लागला होता, दुपारी. मी हिशेब करायचा नाही असं ठरवलं आणि हिशेब होतच गेला. एकदाही नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.

माझा आवाज चढला असावा, कारण ढब्बू माझ्याकडे बघून थांबली. मी गोष्टीतल्या माशाला जोरात वजनाच्या काट्यावर आपटलं आणि तिथेच सोडून दिलं. उठून माझ्या खोलीत आलो, कपाट उघडलं, बंद केलं, परत उघडलं. हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, घड्याळ खालच्या कप्प्यात आहे, चष्म्याच्या डबीत. छोटं, सोनेरी कडेचं, काचेखाली धुकं धरल्यासारखं पांढरट. काटे चार वाजून वीस मिनिटांवर. ही जाऊन आता चार वर्षं होतील. ते घड्याळ दुरुस्तीला टाकू म्हटलं की ती म्हणायची, राहू द्या, मला आता सवय झालीये चार वीसची. माझं घड्याळ मात्र अजून हातात आहे, नोकरीला लागलो तेव्हाचं. एक दिवस बंद नाही पडलं. पाण्याचं त्याला वावडं आहे, हात धुताना काढून ठेवावं लागतं, पण बाकी चोख.

तो दिवस मला पुस्तकासारखा पाठ आहे. लग्नानंतर पाच वर्षांनी आम्ही पहिल्यांदा कुठे गेलो होतो. ऊन असं की वाळूवर सावलीसुद्धा पाय उचलून चालत होती. हिला कपडे बदलायचे होते, तिकडे लांब पत्र्याच्या खोल्या होत्या. जाताना म्हणाली, "अहो, बघा हं त्याच्याकडे. पाच मिनिटांत आले." मी म्हटलं, "बघतो ना." आणि मी बघतच होतो. लाल टोपी ओल्या वाळूत खड्डा करत होती, मी वीस पावलांवर. आता, काठावर एक मासेवाली बसली होती, तिच्या हातात तराजू आणि पुढ्यात वजनं. मी रजेवर होतो. पण डोळे रजेवर नव्हते. अर्ध्या किलोचं वजन तिनं टोपलीच्या कडेवर ठेवलं, आणि तो आवाज! पोकळ. दात पडलेल्या तोंडातून शब्द यावा तसा. मी उठलो, वजन उचललं, उलटं केलं: बुडातलं शिसं निम्मं गायब, वर मेण लावून काजळी फासलेली. "बाई, हे काय?" "वजन आहे, दुसरं काय!" "याला वजन म्हणतात? याला उपास घडलाय!" दोन-चार माणसं हसली. आणखी दोन-चार जमली. बाई म्हणाली, "तू कोण रे मोठा लागून गेलास?" मग मी सांगितलं मी कोण ते. मी त्यांना हत्तीची गोष्ट सांगितली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच सांगितली, तिथल्या तिथे सुचली, आणि लोक असे हसले, असे हसले की मासेवालीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागली. एवढी माणसं माझ्या बोलण्याला कधी हसली नव्हती. ऑफिसात मी कोपऱ्यातल्या टेबलाचा माणूस, घरी ऐकायला दोनच माणसं, त्यातलं एक साडेतीन वर्षांचं. शेळीपाशी आलो आणि हसण्याचा आवाज बदलला. मधोमध तुटला. माणसं माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मी वळलो.

आणि मी उडी घेतली. हे मी शेकडो वेळा सांगितलं आहे, लग्नकार्यात, ऑफिसच्या निरोप समारंभात, दवाखान्यात नंबर येईपर्यंत. लाल टोपी वर-खाली होत होती, लाट छातीएवढी, पुढे गळ्याएवढी, मी हात मारतोय, बुटांत पाणी, पोर हाताला लागतं आणि निसटतं, परत लागतं. मग वाळू. मग माझ्या दोन्ही हातांवर तो, आणि लोक टाळ्या वाजवतायत. टाळ्या खऱ्या होत्या, त्या मी कशाला बनवू! कुणीतरी ओरडलं, "शाब्बास! बापानं काढला पोराला!" माझ्या आधी ते दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, हे लक्षात ठेवा. ही गोष्ट मी सुरू केलेली नाही.

हिनं कधी एका शब्दानं मला अडवलं नाही. मी गोष्ट सांगायला लागलो आणि वळण्याच्या जागेपर्यंत आलो की ती उठायची. गॅस बघते म्हणायची. पाहुण्यांचे पेले भरलेले असले तरी पाणी आणते म्हणायची. टाळ्यांच्या वेळेला परत यायची, बसायची, कुणी विचारलंच तर म्हणायची, "हो, ह्यांनीच." फक्त एक. त्या प्रवासातून परत आल्यावर, बॅगा सोडायच्या आधी, तिनं मला सांगितलं होतं, अगदी शांतपणे, जसं दळणाचं सांगावं, की तुम्ही हवं ते सांगा लोकांना, मी काही म्हणणार नाही. पण ह्याला पाण्यापाशी घेऊन तुम्ही एकट्यानं जायचं नाही. मी म्हटलं, बरं. त्यानंतर पोहायच्या क्लासला त्याला तिनं नेलं, सहलीच्या बसपर्यंत तिनं सोडलं, नदीवरच्या पुलावरून चालतानासुद्धा त्याचा हात तिच्या बाजूला असायचा. तेव्हा मला त्याचा राग आला नव्हता. आज आला. मेलेल्या माणसाचा असा राग येतो हे मला माहीत नव्हतं, जाड, गरम, बोलायला समोर कुणी नसलेला. का नाही भांडलीस तेव्हा? सगळ्यांसमोर एकदा खोटा पाडला असतास तर मी त्या दिवशी संपलो असतो आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरू झालो असतो. तू गॅस बघायला गेलीस.

आणि पोरगा तर त्या गोष्टीवर वाढला. रात्री झोपताना रोज तीच हवी. "बाबा, समुद्राची." मी सांगायचो, रोज लाट चार बोटं वाढवायचो. शेवटी तो रोज एकच प्रश्न विचारायचा: "मग बाबा, तुम्ही भिजलात?" मी म्हणायचो, "भिजलो म्हणजे? चिंब! नखशिखांत!" तो काही वेळ माझ्याकडे बघायचा, मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला वाटायचं, समाधान झालं पोराचं. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत विचारत होता. मग त्यानं ती गोष्ट मागायची सोडली.

जेवायला बसलो तेव्हा मी ठरवलंच होतं. ढब्बू उंच खुर्चीत, तिच्या पुढ्यात मऊ भात, अर्धा भात केसांत. मी उठलो, फ्रिजवरचा कागद काढला, चुंबकं टपाटपा खाली पडली, आणि कागद आणून ताटांच्या मधोमध ठेवला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वेळापत्रक," सूनबाई म्हणाली. "बाबा, त्याला डाग पडतील."

"पडू देत. ही रेघ कसली?" मी बोट ठेवलं. "मी काय सामान आहे? खोलीत ठेवायचं, मुलगी झोपली की बाजूला बसवायचं? मला नेताच कशाला मग? कुलूप घाला आणि जा. शेजाऱ्यांना सांगून जा, थेरड्याला दोन वेळा खायला घाला."

"बाबा, असं काय बोलता!"

"मग कसं बोलू? अगं, तुझा नवरा आज तुझ्यासमोर बसून भात खातोय तो कुणामुळे? विचार त्याला. ज्या माणसानं समुद्रातून पोर काढलं त्याला तू पाण्याच्या रकान्यात रेघ ओढतेस?"

सूनबाईचा चेहरा लाल झाला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो भात कालवत होता. "मी नाही ओढली," ती म्हणाली. "मी तुमच्यापुढे बरोबरची खूण केली होती. चारही घरांत. रात्री लावताना होती, सकाळी बघते तर ही." आणि मग त्याला, हळू आवाजात पण धारदार, "सांग ना तूच. मला तरी कुठे सांगितलंस?"

मी कागदाकडे बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. सूनबाईच्या सगळ्या रेघा पट्टीनं मारलेल्या असतात. ही हातानं ओढलेली होती, शेवटाला जराशी खाली झुकलेली. हा हात मला ओळखीचा आहे. पहिलीच्या पाटीपासून त्याची आडवी रेघ शेवटाला अशीच खाली झुकते, मीच त्याला त्यावरून ओरडलो आहे. माझ्या नखाला जे खरखरीत लागलं होतं ती फुली नव्हती. ती खूण होती, माझी, आणि ती त्यानं बुजवली होती.

"तू?" मी म्हटलं. "तू खोडलीस?"

"बाबा, जेवा ना," तो म्हणाला. "नंतर बोलू."

"नंतर नाही! आत्ता!" माझा हात ताटाला लागला, वाटी कलंडली. ढब्बू म्हणाली, "पललं." कुणी उचललं नाही. आणि मग मला जे येतं तेच मी केलं. मी गोष्ट सांगायला लागलो. सूनबाईकडे बघून, कारण तिनं ती एवढी नीट कधी ऐकली नव्हती. ऊन सांगितलं, पत्र्याच्या खोल्या सांगितल्या, लाल टोपी सांगितली. मासेवाली आज मी गाळली. म्हटलं, मी वाळूवर बसून त्याच्यावरून नजर हलवली नव्हती, एक क्षण नाही. लाट आज छातीएवढी नव्हती, माडाएवढी होती. आवाज असा की कानांतून रक्त येईल. मी बूट न काढता धावलो, पाणी गळ्याशी, नाकाशी, डोक्यावरून गेलं. घड्याळ बंद पडलं तिथल्या तिथे, चार वाजून वीस मिनिटं...

सूनबाईची नजर माझ्या मनगटावर गेली. ती उठली नाही. मला वाटलं, आता हिनं उठून गॅस बघायला जावं. या जागी कुणीतरी उठायला हवं, इतकी वर्षं उठलंय. पण त्या टेबलाभोवती कुणी उठायचं नाव घेईना, आणि मी थांबू शकत नव्हतो, थांबलो तर ती वळायची जागा येणार होती. मी म्हटलं, खाली गेलो, डोळे उघडे ठेवून गेलो, आणि हा तळाशी, वाळूत, हात असे वर केलेले, आणि मी त्याला धरला, या हातांनी धरला, आणि वर आलो तेव्हा मी असा भिजलो होतो, असा भिजलो होतो की...

चिरंजीवांनी ढब्बूच्या केसांतून भाताचं एक शीत काढलं. ते बोटावर धरून बघत राहिला. त्याचा आवाज चढला नाही. भांडण करायचं असतं तर चढला असता.

"आईच्या केसांतून पाणी माझ्या डोळ्यांत गळत होतं," तो म्हणाला. "ती वाळूवर आली आणि गुडघ्यांवर बसली, तिला उभं राहवेना. मग तिनं मला तुमच्या हातात दिलं. बाबा, तुमचा शर्ट कोरडा होता. मी तोंड खुपसलं तेवढीच जागा ओली झाली."